भिजत घातलेला बेदाणा

आज शेडवर चार खोकी निवडली.
हिरवा वेगळा, पिवळा वेगळा, काळा तिसऱ्या पाटीत,
देठ बोटांनी, खडा नखाने.
दहा तास तेच बघून
घरी येताना तासगावच्या रस्त्यावरचे दिवेसुद्धा
निवडायचे राहिलेत असं वाटलं.
केसांना गंधकाचा वास. धुतला तरी जात नाही.

शांतवनला कूस बदलून दिली.
त्याची डावी बाजू दोन वर्षं झाली
परक्या माणसासारखी त्याच्या शेजारी झोपते.
पाठीला पावडर, पायांना तेल, मग भात मऊ कालवून,
चमचा, थांब, गीळ, चमचा.
पुण्याहून सुवार्ताचा फोन, आई, जेवलीस का?
जेवले म्हणाले.
खोटं बोलले, प्रभू, तेवढं मांड हिशेबात.

तुझ्याशी बोलून किती दिवस झाले?
आधी रोज मागायचे, त्याचा हात हलू दे,
मग बोट हलू दे, मग निदान रात्र नीट जाऊ दे.
मागणं आटत आटत गेलं
आणि एक दिवस नुसतं आमेन उरलं,
वर काहीच नसलेलं.
आता आपल्या दोघांतलं सगळंच भिजत घोंगडं.
तू पिळत नाहीस, मी वाळत घालत नाही.

आणि उद्या महिन्यातला पहिला रविवार.

प्रभुभोजनाचा रस आमच्या घरून जातो,
सासूबाईंच्या काळापासून.
लोंढे पाळक म्हणाले होते, बाई, दुसऱ्या कुणाला सांगू का?
तुमचे हाल दिसतात.
मी नको म्हणाले. भक्तीनं कुठलं, हट्टानं.
पातेलं काढलं, कांदा-लसूण न लागलेलं, त्याचसाठी ठेवलेलं.
मुकादमाने दिलेला पावशेर काळा बेदाणा,
बाजारात न चालणारा, कातडं आक्रसलेला.
ओंजळीत घेतला तर माझी बोटं कुठली
आणि बेदाणा कुठला, कळेना.
वर कोमट पाणी ओतलं.
इथे प्रार्थना करायची असते.
सासूबाई करायच्या, लांबलचक,
आळीतल्या सगळ्या आजाऱ्यांची नावं घेऊन.
मी खाली बसले, कपाळ खाटेच्या कडेला टेकवलं,
म्हणाले, हे बापा,
आणि पुढचं आठवायच्या आत झोप लागली.

तू रागावला नाहीस.
हे मला नंतर कळलं.

चारला जाग आली, मान अवघडली म्हणून.
खांद्यावर शांतवनचा उजवा हात होता.
कधी ठेवला, खाटेच्या कडेपर्यंत कसा पोचवला,
विचारून उपयोग नव्हता. तो घोरत होता.

झाकण काढलं.
एकेक दाणा टचटचीत फुगलेला.
पुन्हा द्राक्ष झाला नव्हता, तेवढं कुणाच्या हातात असतं?
सुरकुती होतीच. पण आत पाणी शिरलं होतं
आणि बाहेरच्या पाण्याला रंग चढला होता.
मी रात्रभर काही केलं नव्हतं.
ढवळलंसुद्धा नव्हतं.

असंच असतं का रे तुझं काम?
आम्ही निजावं आणि तू मुरत जावंस?

उत्तर आलं नाही. पण चहा ठेवावासा वाटला,
स्वतःसाठी, आलं ठेचून. कित्येक महिन्यांनी.

मग उकळलं, मलमलीतून गाळलं.
एक दाणा शांतवनच्या जिभेवर ठेवला.
अर्ध्या तोंडाने चघळत राहिला, बराच वेळ.
घाई कुणाला होती.

देवळात पेले फिरले, अंगठ्याएवढे.
माझ्या पेल्यात एक देठ तरंगत होता.
शेडवर निवडून, घरी चाळून, दोनदा गाळून, तरी.
ऐन शांततेत हसू आलं.
पाळकीणबाईंनी वळून पाहिलं.
बाहेर काढला नाही,
रसाबरोबर गिळला. घशाला जरा टोचला
आणि खाली गेला.

उद्या सोमवार. शेड साडेआठला.